गणपतीची रजा जूनमध्येच मागा

बाहेर आत्ता कुठे पाऊस सुरू झालाय आणि मी गणपतीच्या रजेबद्दल बोलणार आहे. लवकर वाटतंय ना? जरा कॅलेंडर उघडा. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, सोमवारी. म्हणजे कोकणात जाणारा माणूस शुक्रवारी, ११ तारखेला रात्रीची गाडी पकडायला बघणार. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. ११ सप्टेंबरमधून ६० दिवस मागे गेलं की येतो १३ जुलै. त्या दिवशी सकाळी आठ वाजता कोकणकन्या, तुतारी काय वेगाने भरते ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता मुद्दा असा, की १३ जुलैला तिकीट काढणाऱ्या किती जणांच्या हातात मंजूर झालेली रजा असते? मी विचारते तेव्हा लोक हसतात. तिकीट जुलैत, रजेचा अर्ज ऑगस्टच्या शेवटी, आणि साहेबांचं उत्तर चतुर्थीच्या चार दिवस आधी. हा क्रम उलटा करायचा, बस. आजचा सगळा एपिसोड त्यावरच आहे.

एका श्रोत्याचा मेसेज आलाय, तो वाचते. 'ताई, मी मोबाइलच्या शोरूममध्ये आहे. घर कणकवलीजवळ. गेल्या वर्षी सरांना रजा सांगितली तर म्हणाले बघू. मी हो समजून तिकीट काढलं. चार दिवस राहिले तेव्हा म्हणाले नाही जमणार, सीझन आहे. यंदा घरचा गणपती आमच्याकडे आहे, काकांकडून आलाय. जावंच लागेल. कसं मागू?'

या मेसेजमधला सगळ्यात महागडा शब्द कोणता? 'बघू.'

मराठी ऑफिसमध्ये 'बघू' हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मागणाऱ्याला ते अर्धं 'हो' वाटतं. देणाऱ्याच्या लेखी ते उत्तरच नसतं. त्याने विषय पुढे ढकललेला असतो, संध्याकाळपर्यंत तो विसरलेलाही असतो. यात वाईटपणा असेलच असं नाही. मी हे खात्रीने सांगते, कारण सहा वर्षं एका कस्टमर सपोर्ट टीमचं रोस्टर माझ्याकडे होतं. अकरा माणसं, दोन शिफ्ट, आठवड्याचे सातही दिवस. कोणी पॅसेजमध्ये, हातात चहा असताना 'मॅम, सप्टेंबरमध्ये चार दिवस लागतील हां' म्हणालं, की माझ्या तोंडूनही 'बघू या' निघायचं. कारण त्या क्षणी माझ्यासमोर रोस्टर नसायचं. आणि जे माझ्यासमोर नाही त्याला मी हो कशी म्हणणार?

तर रोस्टर करणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चालतं ते सांगते. तुम्हाला वाटतं, तो तुमचं कारण तोलतोय. घरचा गणपती म्हणजे मोठं कारण, मित्राचं लग्न म्हणजे मध्यम, गोवा ट्रिप म्हणजे काहीच नाही. खरं सांगू का? कारण मी फारसं बघायचेच नाही. मी बघायचे तारीख, त्या तारखेला आधीच कोण कोण नाही, आणि या माणसाचं काम त्या दिवशी कोण करणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्जातच असलं तर मी दोन मिनिटांत मंजूर करायचे. नसलं तर ते शोधायचं काम माझ्यावर यायचं, आणि माझ्यावर आलेलं काम मी पुढे ढकलायचे. तुमचा मॅनेजरही माणूसच आहे.

म्हणून त्या शोरूमवाल्या दादाला माझं पहिलं सांगणं: सरांना 'सुट्टी मिळेल का' असं विचारू नकोस. आधी सोबतच्या मुलांशी बोल. गणपतीत कोणाला नको आहे रजा? असतंच कोणीतरी. जळगावचा असेल, ज्याला दिवाळीत जायचंय. एखाद्याला ईदला हवी असते, एखादीला ख्रिसमसला. आमच्या अकरातले सात जण कोकणातले होते, त्यामुळे गणपती म्हणजे दरवर्षी रडारड. शेवटी मी एका कागदावर मागच्या दोन वर्षांत कोणाला कोणता सण मिळाला ते लिहिलं आणि भिंतीला चिकटवलं. ज्याला गेल्या वर्षी गणपती मिळाला त्याने यंदा दिवाळीचा पाडवा घ्यायचा. वारीला जाणारा एक जण होता, त्याला आषाढात मोठी रजा लागायची. तो गणपतीत आणि दिवाळीत दोन्हीकडे उभा राहायचा आणि त्याच्या रजेला कोणी कधी नाक मुरडलं नाही. कागद भिंतीवर आल्यावर भांडणं संपली नाहीत, पण निदान कोणाचं काय देणं आहे ते दिसायला लागलं. तुमच्याकडे असा कागद नसेल तर तुम्ही सुचवा. मॅनेजरला आवडेल. त्याचं डोकं वाचतं.

आता कायद्याचं थोडं. कंटाळू नका, इथे तुमचे पैसे आहेत.

महाराष्ट्रात दुकानं, शोरूम, हॉटेलं, आयटी कंपन्या, कॉल सेंटर यांना दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो, २०१७चा. त्याचं कलम १८ रजेचं आहे. त्यात वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा, म्हणजे आपली सीएल. वर्षअखेरीला उरली की ती गेली, पुढे जात नाही. सणांच्या ८ पगारी सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आणि बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. तुमच्याकडच्या चारमध्ये गणेश चतुर्थी आहे का, हे विचारून घ्या. कितीतरी जणांना माहीतच नसतं. आणि मग येते मोठी रजा, जिला कोणी पीएल म्हणतं, कोणी ईएल. एका वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर पुढच्या वर्षी दर २० दिवस कामामागे १ दिवस. आठवड्याला एक सुट्टी घेणारा माणूस वर्षाला साधारण २९० दिवस भरतो, त्याला १४ दिवस मिळतात. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्याला बाराच्या आसपास. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

दोन अपवाद सांगून ठेवते. छोट्या दुकानाला, जिथे माणसं कायद्यात ठरवलेल्या संख्येपेक्षा कमी आहेत, हे कलम लागू नसतं. आणि कायद्यात 'कामगार' असा शब्द आहे, व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला ते लागू नाही. व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर' छापलंय म्हणून लगेच घाबरू नका, प्रत्यक्षात काम काय करता ते बघतात. बाकी कंपनीची स्वतःची लीव्ह पॉलिसी असतेच. ती याहून जास्त देऊ शकते. जॉइन होताना मिळालेल्या पीडीएफमध्ये असते ती, आपण उघडलेली नसते इतकंच.

आता बारीक गोष्ट. रजा तुमच्या खात्यात आहे, ती तुमची कमाई आहे, यात वाद नाही. पण अमुक तारखेलाच द्या, असं म्हणण्याचा हक्क त्यातून आपोआप येत नाही. दिवस तुमचे, तारीख दोघांची. सरकारी नोकरी म्हणजे रजाच रजा, असं आपण म्हणतो ना? केंद्र सरकारच्या १९७२च्या रजा नियमांत सातवाच नियम असा आहे, की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. म्हणजे तिथेही साहेबाची सही लागतेच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा राग आला होता. नंतर रोस्टर हातात आल्यावर समजलं की सात जण एकाच शुक्रवारी निघाले तर फोन कोण उचलणार, हा प्रश्न खराच आहे. फक्त त्या प्रश्नाचं उत्तर दरवर्षी त्याच त्या माणसाच्या घरच्या गणपतीने का द्यायचं?

म्हणून अर्ज लवकर आणि लेखी. त्याच कायद्यात एक छान तरतूद आहे. १५ दिवस आधी अर्ज केला आणि मालकाने रजा नाकारली, तर ४५ दिवसांच्या वर साठलेल्या रजेचे पैसे मागायचा हक्क कामगाराला मिळतो. ज्याची रजा ४५च्या घरात पोचलेली आहे त्याच्यासाठी हे रोख पैसे आहेत. पण त्यासाठी अर्ज केल्याचं आणि नकार मिळाल्याचं काहीतरी हातात हवं. पॅसेजमधल्या 'बघू'वर कोणी पैसे देत नाही.

लेखी म्हणजे काय, तर पोर्टल असेल तर पोर्टलवर टाका आणि शिवाय एक ईमेल करा. पोर्टल नसेल, शोरूमसारखं असेल, तर व्हॉट्सअ‍ॅप चालेल. ग्रुपवर नको, सरांना थेट. इंग्रजीच हवं असंही नाही. मी त्या दादासाठी एक मेसेज लिहून आणलाय, ऐका:

'सर, नमस्कार. यंदा घरचा गणपती आमच्याकडे आहे. मला १२ ते १९ सप्टेंबर रजा हवी आहे. माझ्या खात्यावर ११ दिवस पीएल शिल्लक आहे, त्यातून घ्यावी ही विनंती. या काळात माझा काउंटर सोबतचा सहकारी बघेल, त्याच्याशी बोलणं झालं आहे आणि त्याच्या दिवाळीच्या रजेत मी त्याच्या शिफ्ट करीन. आठ दिवस अडचणीचे असतील तर १३ ते १६ एवढे तरी मिळावेत. रेल्वेचं आरक्षण १३ जुलैला उघडतं, म्हणून ५ जुलैपर्यंत कळवलंत तर बरं होईल.'

झालं. एवढंच. यात काय काय आहे बघा. तारखा आहेत. शिल्लक किती ते आहे, म्हणजे सरांना शोधावं लागत नाही. बदली माणूस आहे, नाव तुम्ही घालाच. दुसरा पर्याय आहे, आणि मला विचाराल तर हाच मेसेजचा जीव आहे. समोरच्याला फक्त हो किंवा नाही एवढंच ठेवलंत, तर सीझनमध्ये तो 'नाही' निवडतो. आठ दिवस की चार दिवस असं ठेवलं की तो हिशेब करायला बसतो. घरी पाच दिवसांचा गणपती असेल तर चतुर्थीला पोचणं महत्त्वाचं की विसर्जनाला थांबणं, हे घरच्यांशी आधी बोलून ठरवा, म्हणजे दुसरा पर्याय खरा असेल. नुसता दाखवण्यापुरता नको, कारण तोच मंजूर होऊ शकतो!

आणि शेवटी तारीख आहे, उत्तर कधीपर्यंत हवं त्याची. लोक इथे लाजतात. सरांना मुदत कशी द्यायची? अहो, मुदत तुम्ही देत नाही आहात, रेल्वे देतेय. तसंच लिहा.

पाच तारीख आली आणि उत्तर नाही? तर सहा तारखेला परत एक ओळ: 'सर, रजेबद्दल कळलं नाही, आज सांगू शकाल का?' तोंडी 'जा रे, काय अडचण आहे' मिळालं, तर त्याच दुपारी मेसेज: 'सर, आज बोलल्याप्रमाणे १२ ते १९ रजा मंजूर धरतो. धन्यवाद.' हे टाकताना आगाऊपणा वाटतो. वाटू दे. माझ्याकडे असे मेसेज यायचे तेव्हा मला सुटल्यासारखं व्हायचं, कारण मी कोणाला काय बोलले याची नोंद माझ्याजवळही नसायची.

बरं, शनिवार-रविवार सुट्टीवाल्यांसाठी यंदा मजा आहे. शनिवार १२, रविवार १३, सोमवारी चतुर्थीची सुट्टी असेल तर मंगळवार ते शुक्रवार चारच दिवस रजा टाकायची, पुढचा शनिवार-रविवार धरून नऊ दिवस घरी. पण हे गणित तुमच्या टीममधल्या प्रत्येकाने केलेलं असणार, म्हणून पुन्हा तेच: जून.

आता खोटं बोलण्याचं. मला माहितेय हा प्रश्न येणार. 'ताई, सरळ मागितली तर देत नाहीत, आजारी पडलो की मिळते.' आमच्या टीममध्ये एकाची आजी दोन वर्षांत तीनदा वारली होती. आम्ही हसायचो, तोही हसायचा. नंतर त्याच्या वडिलांना खरोखर अ‍ॅडमिट केलं, रात्री अकराला त्याचा फोन आला, आणि आमच्या वरच्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला: 'खरं का?' मी तिथेच होते. रजा मिळाली, पण हॉस्पिटलचा कागद मागून. वडील आयसीयूत असताना हा मुलगा केस पेपरचा फोटो काढून पाठवत होता. साहेबांचं वागणं मला आजही पटत नाही. पण तो प्रश्न कुठून आला तेही मला माहीत आहे.

शिवाय साधी गोष्ट, गणपतीत आजारी पडलेला माणूस आरतीच्या स्टेटसमध्ये दिसतोच. स्वतः नाही टाकलं तर चुलतभाऊ टाकतो, टॅग करून.

तरीही कारण किती सांगायचं, हा तुमचा प्रश्न. 'घरगुती कार्य आहे' पुरेसं असतं. मुलींना विशेष करून सांगते, कुठे जाणार, कोणाबरोबर, लग्नाचं बघायला जाताय का, याची उत्तरं रजेच्या अर्जात द्यायची नसतात. हसून 'घरचं काम आहे सर' म्हणा आणि विषय बदली माणसावर आणा.

आणि एवढं सगळं करून 'नाही' आलं तर? पहिलं, भांडू नका, विचारा: 'सर, कुठल्या दिवसांची अडचण आहे?' बऱ्याचदा सगळे आठ दिवस अडत नाहीत, एक शनिवार अडतो. शोरूममध्ये चतुर्थीच्या आधीचा शनिवार-रविवार म्हणजे गिऱ्हाईक. मग तो शनिवार उभं राहून रात्री निघायची तयारी दाखवा. बस पाहून ठेवा. दुसरं, तरीही नाहीच म्हणाले, तर नकार लेखी मागा, गोड शब्दांत: 'ठीक आहे सर, मग या वेळी होत नाही असं मेसेजवर कळवाल का, म्हणजे मी घरी सांगतो आणि पुढच्या वर्षी माझा नंबर आधी धरता येईल.' माझा अनुभव असा, की 'नाही' लिहायची वेळ आली की निम्मे साहेब परत विचार करतात. बोलताना नाही म्हणणं सोपं असतं हो, लिहिताना कारण द्यावं लागतं. तिसरं, एचआर. एचआरकडे तक्रार म्हणून जाऊ नका, चौकशी म्हणून जा. माझी शिल्लक किती, गेल्या वर्षी किती अर्ज नाकारले गेले, पुढे किती नेता येते. आकडे विचारणाऱ्या माणसाला उडवून लावता येत नाही.

न सांगता निघून जाणं, हा पर्याय बरेच जण मनात धरून असतात. 'जाऊ दे, कापतील चार दिवसांचा पगार.' पण नाकारलेल्या रजेवर गेलात तर ती नुसती बिनपगारी राहत नाही, गैरहजेरी होते, आणि गैरहजेरीवर मेमो निघू शकतो. चार दिवसांच्या पगाराचा हिशेब वेगळा, हा वेगळा. बिनपगारी जायचं असेल तर तेही मागून, मंजूर करून जा.

प्रोबेशनवाल्यांनो, तुमच्याकडे पीएल बहुतेक नसेल, कारण आधी वर्षभराचं काम लागतं. पण सीएल असते. त्यातले दोन दिवस आणि वीकली ऑफ जोडून दीड दिवसाचा गणपती होतो. ऑफर लेटर हातात येताना, सही करायच्या आधी, 'सप्टेंबरमध्ये मला दोन दिवस लागतील' हे सांगून ठेवणं सगळ्यात सोपं. त्या दिवशी कंपनीला तुम्ही हवे असता.

जाण्याच्या आदल्या दिवशी एक काम करा. अर्धवट काय आहे, कोणाचा फोन येऊ शकतो, चावी कोणाकडे, हे दहा ओळीत लिहून बदली माणसाला आणि सरांना पाठवा. आमच्या गावी घरात रेंज नाही, विहिरीजवळ गेलं तर एक दांडी येते. तुमच्याकडेही असंच असेल तर तेही लिहा: 'संध्याकाळी सात ते आठ फोन लागेल.' नाहीतर आरतीच्या वेळी फोन वाजत राहतो आणि लागला नाही म्हणून पुढच्या वर्षीच्या रजेच्या वेळी ते ऐकवलं जातं.

तर शोरूमवाल्या दादा, मेसेज कॉपी करून घे, तारखा बदल, आजच बदली माणूस शोध. ५ जुलैला काय झालं ते मला कळव. बाकीच्यांनी आपली शिल्लक बघा. पोर्टलवर दिसत नसेल तर एचआरला आज विचारा आणि आकडा किती निघाला ते कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात, नोकरी सोडताना उरलेल्या रजेचं काय होतं आणि फुल अँड फायनलमध्ये ती कुठे गायब होते, त्यावर बोलू. भेटू.